लागलेला नंबर

बाबा, आज रविवार आहे. तुमची नात मैत्रिणीकडे गेली आहे, जेवणाची भांडी तशीच पडली आहेत आणि मी ओट्याला टेकून बसले आहे. उठवत नाही. जून महिना लागला की तहसील कचेरीत माझ्या टेबलासमोर सकाळपासून रांग असते. कोणाला रहिवासी दाखला हवा असतो, कोणाला उत्पन्नाचा. आता सगळं ऑनलाइन झालं म्हणतात, तरी बापलोक हातात पावती धरून येतातच. "म्याडम, उद्या शेवटची तारीख हाये जी." मी "होते, होते" म्हणते आणि पुढचा कागद ओढते. इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं गावाबाहेर जावीत म्हणून कागद पुढे सरकवत आले. यंदा माझ्याच घरातली पोर बारावी झाली, आणि मला एकदम फार थकल्यासारखं झालं.

तुम्ही गेलात तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिलाही गणित येतं, तुमच्यासारखं. चार इयत्ता शिकलेले तुम्ही, पण कोशाच्या रेशमी लुगड्याच्या किनारीत कुठला धागा कितवा ते बोटांवर सांगायचा. मी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून नक्षी काढून द्यायची, तुम्ही ती समोर टाचून माग चालवायचा. एकदा माझा एक चौकोन चुकला आणि मोराची मान वाकडी आली. तुम्ही चार बोटं विणलेलं सगळं उकललं. मी रडायला लागले तर म्हणालात, "चूक कागदावर झाली का मागावर, पैले थे पाह्य. मंग रड." मला वाटतं, गणित मला शाळेत नाही, तिथे त्या मागाशेजारी आवडायला लागलं.

बारावीला मार्क चांगले पडले तेव्हा गणिताच्या सरांनी तुम्हाला बोलावून सांगितलं, पोरीला नागपूरला पाठवा, बी.एस्सी.ला गणित आणि संख्याशास्त्र घेऊ द्या. आपल्या अख्ख्या खानदानात हा शब्द कोणी ऐकला नव्हता. आंधळगावला परत येईपर्यंत तुम्ही सायकलवर तो शब्द पुटपुटत होता, संख्याशास्त्र, संख्याशास्त्र, विसरू नये म्हणून. फॉर्म भरायला आपण दोघं गेलो. दोन दिवस माग बंद ठेवून तुम्ही आलात. कॉलेजात माझ्या पुढे-मागे उभ्या असलेल्या मुली इंग्रजीतला फॉर्म भराभर भरत होत्या आणि मला त्यातल्या अर्ध्या रकान्यांचा अर्थ लागत नव्हता. नंतर वसतिगृह बघितलं. एका खोलीत चार खाटा, चारही जणी अनोळखी असणार. तुम्ही मात्र खिडकी उघडून बघितली, नळाला पाणी येतं का ते बघितलं आणि परतीच्या बसमध्ये, मी शनिवारी कोणत्या गाडीने घरी येईन ते ठरवूनही टाकलं. मी खिडकीबाहेर बघत होते. मला त्या खोलीत राहायची भीती वाटत होती, आणि ते सांगायला शब्द नव्हते.

यादी लागली तो मोहाडीच्या बाजाराचा दिवस. एसटीडी बूथची काचेची खोली आहे, आत मी, बाहेर तुम्ही, खांद्याला भाजीची थैली. तुम्ही काचेला जवळजवळ नाक लावून उभे आहात. पलीकडे कॉलेजातला माणूस कागद चाळतो, माझं नाव दोनदा विचारतो आणि म्हणतो, "आहे नाव. सोमवारपर्यंत मूळ कागद घेऊन या." मी "बरं" म्हणते. फोन खाली ठेवते. दार उघडून बाहेर येईपर्यंत चार पावलं आहेत, तेवढ्यात मी ठरवते.

"का म्हणलं त्यानं?"

"नाही लागला नंबर."

तुम्ही थैली दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणालात, "अजून एक डाव फोन लाव. चुकीनं म्हणलं असन."

"कायले? सांगतलं ना त्यानं."

तुम्ही मला हॉटेलात नेलं, आलूबोंडा मागवला, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिलात. स्वतः खाल्लं नाही. मी खाल्ला, बाबा. पूर्ण खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन सरांकडे गेलात. सर चकित झाले. "एवढ्या मार्कांवर नाही लागला? मी जाऊन यादी पाहून येऊ का?" ते तुमच्याशी बोलत होते, पण बघत माझ्याकडे होते. मी म्हटलं, "नको, सर." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा विचारलं नाही. तुम्ही तरी हार मानली नाहीत. "गोंदियाले मामाकडे राह्य, तिथं गणित हाये." भंडारा जिल्हा फुटून दोनतीन वर्षं झाली होती, तरी गोंदिया तुम्हाला आपल्याच जिल्ह्यात वाटायचं. मी तेही नको म्हटलं. मग मोहाडीच्या कॉलेजात बी.ए.ला गेले. खिडकीतल्या बाबूने विचारलं, विषय कोणते? मी विचारलं, जागा कशात आहे? तो म्हणाला, मराठी, इतिहास, गृहअर्थशास्त्र. मी म्हटलं, लिहा. गणित तिथे नव्हतंच. माझ्या आयुष्याचा विषय निवडायला मिनिटभरही लागलं नाही.

बी.ए. झालं, परीक्षा दिली, कचेरीत लागले, लग्न झालं. वाईट काही झालं नाही. फक्त कधीकधी दुपारी, दाखल्यांचे आकडे रजिस्टरात चढवताना, उगाच त्यांची बेरीज करत बसते, मग सरासरी. कोणाला नको असलेली. मग शिपाई चहा आणतो आणि मी रजिस्टर बंद करते.

काल नातीची यादी लागली. पुण्याचं कॉलेज, संख्याशास्त्र. विषय तिने स्वतः निवडला, मी एका शब्दानेही सुचवला नव्हता. मोबाईलवर नाव दिसलं तेव्हा मी टाळी वाजवली, पण ती मोबाईलकडेच बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, मी भंडाऱ्यालाच घेतो ना. बसनं रोज येनं-जानं होते."

"काहून?"

"असंच."

"असंच म्हणजे?"

"तिथं मले कोनी वळखत नाही."

मी गॅस बंद केला. तिच्याजवळ बसले आणि जे तेवीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बूथ, फोनवरचा तो माणूस, सोमवार. तिचा विश्वास बसेना. लहानपणी तुमच्याच मांडीवर बसून तिने ऐकलं होतं की नागपूरवाल्यांनी तिच्या आईची जागा दुसऱ्या कोणाला दिली. "मंग आजोबा खोटं सांगत होते?"

"नाही. त्यांना खरं माहीतच नव्हतं."

"कधीच नाही सांगतलं तू?"

"नाही."

ती बराच वेळ नखाने चटई खरवडत बसली. मग तिने मोबाईल घेतला, दोनतीन ठिकाणी बोट दाबलं आणि म्हणाली, "घेतली सीट. नाही जमलं तर येईन वापस." इतकं साधं वाक्य, बाबा. अठराव्या वर्षी ते मला सुचलं नव्हतं. तुम्हाला म्हटलं असतं तर तुम्ही हसून हो म्हणाला असता, हे आता कळतं. पुढच्या आठवड्यात मी तिला पोचवायला जाते आहे. नळाला पाणी येतं का ते मीही बघणार.

हे पत्र टाकायला पेटी नाही. घरात ठेवलं तर ती वाचेल, आणि तिने वाचावं असं मला वाटत नाही, कारण काल तिला सगळं सांगितलं तरी एक गोष्ट बदलून सांगितली. तिने विचारलं, इतकी वर्षं गप्प का राहिलीस, तर मी म्हटलं, आजोबांना वाईट वाटलं असतं म्हणून. तसं नव्हतं. माग थांबवून तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचा, "माही पोरगी लय हुशार जी, पण नागपूरवाल्याईनं घेतली नाही," तेव्हा मी आत चहा करत असायची. आणि चहा मुद्दाम सावकाश गाळायची, पुढचं कौतुक ऐकायला मिळावं म्हणून.