तोंडावरची चादर

अहो,

साष्टांग नमस्कार. देवाच्या दयेने इथे सगळे खुशाल आहेत. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना? देवापुढे दिवा लावता ना?

काल सूनबाईने मला योगासनांच्या वर्गाला नेले. पहिला दिवस फुकट, म्हणून गेले. शिकवणारी गोरी, शिकणारेही सगळे इथलेच. सूनबाई मिरवत होती, "आमच्या सासूबाई थेट योगाच्या देशातून आल्यात." आणि मला मेलीला धड मांडी घालता येईना! आधी आपल्याकडच्या सिनेमातले गाणे लावून सगळे नाचले. मीही टाळ्या वाजवल्या.

मग शवासन. गारठा होता, म्हणून बाईंनी प्रत्येकाला पांढरी चादर दिली. शेजारच्या आजोबांनी डोळ्यांवर उजेड नको म्हणून ती तोंडावर ओढून घेतली. मी उठले आणि त्यांची चादर ओढून काढली. ते दचकून बसले, सगळे हसले. परतताना सूनबाई म्हणाली, "आई, अहो, आजोबा नुसते पडले होते!" मीही हसण्यावारी नेले.

तुम्हाला मात्र कळले असेल. दवाखान्यात आपल्या धाकटीच्या तोंडावरची चादर तुम्ही बाजूला केलीत, मी दाराशीच उभी राहिले. इतकी वर्षे विचारायचा धीर झाला नाही. फोन सगळ्यांसमोर होतो, तेव्हा पत्रातच लिहा, आणि मला बरे वाटावे म्हणून काहीबाही लिहू नका.

तिचे डोळे मिटलेले होते का?

तुमचीच,
धाकटीची आई