फडकं पिळायचं नाही

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचलं. चार वर्षांनी आलं, आणि आलं ते एवढंच विचारायला, की घरी अर्क काढायला घेतलेत तर गाळणी कुठली घेऊ, नरसाळं काचेचं की प्लास्टिकचं. ताकाला जाऊन भांडं लपवलं नाहीस, हे तुझं कौतुकच. माझी चौकशी केली नाहीस तरी चालेल, मी काही झिजून गेले नाही. पण बाबांबद्दल एक ओळ? चाळीस वर्षं त्यांनी या घरात बेकरीवाल्यांसाठी अर्क काढले, तुला हाताला धरून शिकवलं. अजून रोज टपालाच्या वेळेला ते दाराशी खुर्ची ओढून बसतात.

असो, आधी तुझं काम. नरसाळं काचेचंच घे. प्लास्टिकला संत्र्याच्या सालीचा वास एकदा लागला की सुटत नाही, मग व्हॅनिलाच्या बाटलीतही संत्रंच भेटतं. तोंड रुंद, नळी आखूड, आतून उभ्या रेघा असलेलं बघ. बाटलीवर घट्ट बसवू नकोस, आतल्या हवेला वाट नसली की धार थांबते. कडेला काडेपेटीची काडी अडकवायची. आधी स्टीलची चाळणी, मग उकळून घेतलेलं मलमलचं फडकं, शेवटी कागद. कॉफी गाळायचा कागद चालतो, पण गाळ असला की लगेच चोंदतो, म्हणून साली भिजत घातलेली बरणी आधी दोन दिवस हलवायची नाही. कागद ओला करायचा तो साली भिजवलेल्या मद्याच्याच चार थेंबांनी, पाण्यानं नाही.

आणि फडकं पिळायचं नाही. हे तुला सांगायला हवं का गं? त्या संध्याकाळी मैत्रिणींबरोबर नाटकाला जायची घाई होती तुला. अर्क थेंब थेंब गळत होता, तर तू फडकं दोन्ही हातांनी पिळून मोकळी झालीस. सालीचा सगळा कडवटपणा खाली उतरला. गढूळ दिसत होतं, पण तपकिरी बाटल्यांत कुणाला दिसणार? दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याचे सगळे केक कडू झाले. बाटल्या परत आणून तो दारातच म्हणाला, की म्हातारबुवांची नजर गेली, जीभही गेली. तू आत उभी होतीस. मूग गिळून बसलीस, आणि मीही बसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. बाटल्या बेकरीत गेल्यावर बाबांनी मोरीतलं पिळवटलेलं फडकं पाहिलं होतं. तरी ते म्हणाले, माझ्याच हातून झालं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं आणि वांग्यानं ते मुकाट्यानं सोसलं. त्यानंतर एकाही बेकरीवाल्यानं आपलं दार वाजवलं नाही. महिन्याभरात तू नोकरीला म्हणून गेलीस. बाबांनी नरसाळ्याला पुन्हा हात लावला नाही.

तेव्हा त्यांची नजर चांगली होती. आता मात्र खरंच गेली आहे. चहाचा कपही मी हातात देते.

म्हणून तुझं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. नरसाळ्याचं वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, पुढे काय लिहिलंय. पुढे तुझी सही होती. मी वाचलं, बाबा, त्या दिवशी फडकं मी पिळलं होतं, मला माफ करा. ते रडले. मग डोळे पुसून उत्साहानं सांगत सुटले, आणि वर जे जे लिहिलंय, काडीपासून कागदापर्यंत, ते सगळं त्यांनीच तुझ्यासाठी सांगितलंय. तेव्हापासून ती ओळ ते रोज पुन्हा वाचायला लावतात. आज सहावा दिवस. मी रोज तुझ्या सहीकडे बघत ती वाचते, आणि तुझा संताप येतो. उत्तर म्हणून दुसरं काही पाठवू नकोस. ती एक ओळ तुझ्या हातानं लिहून पाठव, म्हणजे मला खोटं वाचावं लागणार नाही.

कितीही चिडले तरी तुझीच,
ताई