प्लँट हलवताना

मंगळवार, संध्याकाळ

हडपसरचा रंग बनवणारा प्लँट परराज्यात हलवायला आज संचालकांनी मंजुरी दिली. योजना माझी, म्हणून टाळ्याही मला. वस्तीतला वास जाईल, कंपनीचं नाव राहील. सगळं खरंच आहे. मग चैन का पडत नाहीये?

निघताना गेटवर शिंदेकाका भेटले. त्यांची सगळी नोकरी त्याच प्लँटवर झाली, घरही मागच्याच गल्लीत.

"अभिनंदन, मॅडम. आता आमच्या खिडक्या उघडता येतील," म्हणाले. मग अगदी शांतपणे, "तिकडच्यांनी कधीपासून लावून घ्यायच्या, तेवढं कळवा."

मी म्हटलं, तिकडे नवीन यंत्रं बसवतोय, वास येणार नाही.

"मग इथेच बसवा की."

बसवता आली असती का? जागा, परवानग्या, असं काहीतरी मी बोलले. माझं मलाच पटलं की नाही, कळत नाही.

घरी येऊन योजना पुन्हा उघडली. हडपसरच्या नकाशावर खिडक्या बंद ठेवणारी एकेक सोसायटी मी नावानिशी दाखवली आहे. मग तिकडचा नकाशा काढला, गावाचं नाव शोधलं. प्लँटच्या चारही बाजूंना नुसतं 'मोकळी जागा' लिहिलंय.

ते मीच लिहिलं होतं. तिथे मी अजून गेलेलीही नाही.