एलिसोची साक्ष

गुर्जानी, १२ सप्टेंबर

ती. जुम्बेरमामांस,
तोर्निकेचा सा. न. वि. वि.

आई बरी आहे. द्राक्षांची तोडणी परवा सुरू होईल. आता मुद्द्यावर येतो, नाहीतर ओतारकाकांची बाजू तुमच्या कानावर आधी जायची.

चौकातल्या निदर्शनात मी पोलिसाला ढकललं नाही, हे त्यांच्या मुलीनं, एलिसोनं, शेजारी उभं राहून पाहिलं. न्यायाधीशांनी तिला साक्षीला न बोलावताच मला दोषी ठरवलं. तुमच्या तिबिलिसीच्या सर्वोच्च न्यायालयानंही दोन ओळींत अपील फेटाळलं. कॉलेज सुटलं, गुन्हेगार म्हणून नाव लागलं. आता काका म्हणतात, गुन्हा कबूल करून सरकारकडे माफीचा अर्ज दे, डाग पुसला की मुलगी देतो.

रविवारी मेजवानीत तामादा तेच, म्हणजे पेल्यागणिक शुभेच्छांचं भाषण ठोकायचा मान त्यांचाच. पेला उंचावून म्हणाले, आपल्या देशाच्या न्यायाला आयुष्य लाभो आणि होणाऱ्या जावयाला अक्कल. सगळे प्यायले. मी माझी वाईन पावावर ओतली, मेलेल्या माणसासाठी ओततो तशी.

मला स्ट्रासबर्गचा अर्ज लिहून द्या. युरोपचं मानवी हक्क न्यायालय हा निकाल फाडून यांच्या तोंडावर फेकेल.

एलिसोवाचून घास उतरत नाही, हे आईला कळवू नका.

लोभ आहेच, या वेळी वकिलीही असू द्यावी.
तुमचा तोर्निके


तिबिलिसी, २० सप्टेंबर

चि. तोर्निके यास अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, ज्या न्यायालयाचं तू भर पंगतीत श्राद्ध घातलंस, त्याच्याच दारात आपल्याला परत जायचंय. स्ट्रासबर्ग म्हणजे आपल्या न्यायालयांच्या डोक्यावरचं आणखी एक अपील नव्हे. तू ढकललंस की नाही, हे तिथे कुणी ठरवणार नाही. निकाल फाडणं तर त्यांच्या हातातच नाही. फार तर म्हणतील, की याची साक्षीदार न ऐकता शिक्षा दिली, याचा हक्क मोडला. मग त्या जोरावर खटला इथेच पुन्हा उघडून मागायचा. बरेच अर्ज तर उंबरठ्यावरूनच परत येतात. आत घेतला, तरी वर्षं जातात. तोवर त्या पोरीला थांबवणार का?

माफी मागितलीस तर तोडणी संपता संपता लग्न. पण एकदा कबुली दिल्यावर, माझी साक्षीदार ऐकली नाही, हे कुठल्या तोंडानं सांगशील? काय ते ठरव, जमल्यास डोकं थंड असताना.

तुझ्या घासाचं आईनंच मला कळवलंय.

रागावलेला, तरी तुझाच,
जुम्बेरमामा


गुर्जानी, ३ ऑक्टोबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

खरं सांगतो, मी वाकलो होतो. माफीचा अर्ज घेऊन काकांकडे गेलो, म्हटलं त्यांच्यासमोरच सही करू. एलिसोनं कागद ओढून घेतला, वाचला आणि बापाला विचारलं, मग मी त्या दिवशी चौकात काय पाहिलं? काका म्हणाले, काही पाहिलं नाहीस, तुझं लग्न ठरतंय. त्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, सही कर खुशाल, पण मला खोटी पाडणाऱ्याच्या घरी मी नांदायला येणार नाही.

अर्ज मी चुलीत घातला. काका म्हणाले, मग बसा दोघं म्हातारी होईपर्यंत. ती म्हणाली, बसू. आणि तिथेच बसून तिनं सगळं लिहून काढलं. मी मध्ये एक शब्द सुचवला, तर म्हणाली, तू गप्प बस, ही माझी साक्ष आहे.

तिची साक्ष सोबत जोडली आहे. स्ट्रासबर्गला धाडा. निकाल नाही फाडला तरी चालेल. खटला इथे पुन्हा उभा राहिला, की पहिल्यांदा तिला बोलवा. मी आरोपीच्या जागेवरून ऐकेन. तेव्हा गप्प बसेन, एवढं मात्र कबूल करत नाही.

मामींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.
तुमचा तोर्निके