हार चुरगळंल म्हणून

सर, शाळेच्या गेटवर पाटी बसवायची ठरलीय. निळ्या रंगाची, लोखंडी, वर तुमचा फोटो आणि फोटोखाली चार ओळी. माजी विद्यार्थ्यांनी ठरवलंय, आणि त्या चार ओळींचं काम माझ्याकडं आलंय, कारण गावात पुस्तक छापून आलेला मी एकटाच हाय. काय लिहायचं तेही त्यांनीच सांगितलं. गुरुजींनी जन्मभर सीटबेल्ट शिकवला, पण स्वतः एकदा लावला न्हाई, आणि त्या एकदातच गेले. पोरांच्या काळजाला लागंल असं लिही, म्हणले. मी बरं म्हणलं. सर, तुमी बेल्ट लावायला नको म्हणला नव्हता. जिवंत माणसांत हे फक्त मला ठाऊक हाय. नऊ वर्षं झाली, मी कुणाला सांगितलं न्हाई.

पाटीचं ठरलं तेव्हापासून मला नववीचा वर्गच दिसायलाय. तुमी टेबलावर फळकूट ठेवलंय, त्याला खाली बेअरिंगची चाकं. फळकुटावर गवंड्याच्या लेव्हलची पारदर्शक नळी बांधलीय, आत सायकलचा एक छर्रा. नळीच्या एका टोकाला फुटक्या रेडिओचं लोहचुंबक, त्यानं छर्रा धरून ठेवलाय. दुसऱ्या टोकाला दोन वायरी, सेल, बॅटरीचा छोटा बल्ब. तुमी फळकूट हळू ढकलता, हातानं थांबवता. बल्ब पेटत न्हाई. वाटेत डस्टर ठेवता, त्यावरून फळकूट धडधडत जातं, तरी पेटत न्हाई. मंग जोरात ढकलता, ते भिंतीला आदळतं, छर्रा चुंबकाला सोडून पुढं पळतो, वायरीला चिकटतो आणि बल्ब पेटतो. तुमी आमच्याकडं असं बघता जसं काय गावात पहिल्यांदाच लाईट आली. "धक्का बसला म्हणून पेटला न्हाई," तुमी म्हणता. "धक्का खड्ड्यात बी बसतो. झटक्यात थांबली म्हणून पेटला. गाडी थांबली, छर्रा थांबायला तयार न्हाई. तुमचं डोकं बी असंच हाय, ते बी थांबत न्हाई."

आता गाडीतल्या एअरबॅगला छर्रा नसतो, नखाएवढी चकती असते, पण ती बी हेच मोजते, असं तुमी सांगितलं. गाडीचा वेग किती झटक्यात पडला. नुसता ब्रेक दाबला तर न्हाई, म्हशीला घासली तर न्हाई. पुढून आदळून गाडी जाग्यावर थिजली, की मधला डबा ठरवतो, ठिणगी पडते, रसायनाची पुडी जळते, गॅस सुटतो आणि पिशवी फुगते. पापणी लवायच्या आत. फुगली की लगेच मागच्या भोकांतून रिकामी व्हायला लागते, म्हणून तोंड मऊ टेकतं. पण माणूस आधीच पुढं वाकलेला असला, तर ती फुगता फुगताच त्याच्या अंगावर येते, आणि तेव्हा ती मऊ नसते. म्हणून पट्टा. "पट्टा घरचा माणूस हाय, पिशवी पाहुणी. घरच्यानं धरून ठेवलं तरच पाहुणी कामाची." मी मागच्या बाकावरून म्हणलं, सर, गावात गाडी न्हाई, पाहुणी येती कशाला. सगळा वर्ग हसला. तुमी पण हसलात. "गाडी येईल रे. अक्कल तिच्याआधी यायला पायजे, एवढंच."

तुमच्याकडं मोटारसायकल होती आणि डोक्यात हेल्मेट. तेव्हा पंचक्रोशीत हेल्मेट घालणारे तुमी एकटेच. पारावरची माणसं विचारायची, गुरुजी, अंड्यात बसून कुठं निघालात. तुमी काच वर करून सांगायचा, उबवायला. मी पारावर बसून हसायचो, सर. तुमच्याच वर्गात पहिला येऊन हसायचो.

आणि तुमी एकदाच रागावलात. दहावीला मी लंबकाचा प्रयोग न करताच वहीत रीडिंग लिहिलं होतं, बरोबर उत्तर येईल असं. तुमी वही बघितली, मारलं न्हाई, ओरडला न्हाई. वही मिटून माझ्या हातात दिली. "चुकीचं रीडिंग आलं तर चालतं लेका. न घडलेलं लिहायचं न्हाई." आता मी न घडलेलं लिहूनच पोट भरतो. लोक त्याला प्रयोग म्हणतात.

तुमच्या सेवापूर्तीचा दिवस. तेव्हा मी बीडला कॉलेजात, शेवटच्या वर्षाला, आणि माझी पहिली गोष्ट नुकतीच छापून आलेली. मंडपात तुमाला फेटा बांधला, शाल घातली, झेंडूचा हार घातला, मांडीएवढा जाड. आणि काच लावलेली सन्मानपत्राची मोठी फ्रेम दिली, तिच्यातला मजकूर मीच लिहिलता. तुमाला बीडच्या घरी सोडायचा मान मी मागून घेतला. चुलत्याची नवी गाडी आणलती. सत्कारमूर्तीनं पुढच्या सीटवर बसायचं, हार गळ्यात, फ्रेम मांडीवर, काचा खाली, म्हणजे वेशीपर्यंत सगळ्यांना दिसतं. आपल्याकडं मान असाच मिरवतात.

तुमी बसल्या बसल्या पट्टा ओढला. खाचेत क्लिप होती. बाजारात मिळते ती, सोनेरी, वाघाच्या तोंडाची. खाचेत खुपसली की गाडीला वाटतं पट्टा लावलाय, आणि टुंगटुंग बंद होते. चुलता गावोगाव उतरत-चढत हिंडायचा, त्याला ती टुंगटुंग सोसायची न्हाई. माझ्या बाजूची क्लिप मी सकाळीच काढून ठेवलती, कारण बायपासला पोलीस फक्त ड्रायव्हरचा पट्टा बघतात. तुमची तशीच राहू दिली. तुमी म्हणलात, "ही काढ की रं. अन् ही फ्रेम मागं टाक." मी म्हणलं, "सर, हार चुरगळंल. पोरं व्हिडिओ काढायलेत. हायवेला लागलो की काढू." तुमी माझ्याकडं बघून हसलात. "बरं. आज तू सर, मी विद्यार्थी." आणि जन्मात पहिल्यांदा तुमी माझं ऐकलं.

हायवेला लागलो. मोटारसायकलवाली पोरं मागं राहिली. गाडीत आपण दोघंच, मागच्या सीटवर नारळ आणि शाली. मी थांबून क्लिप काढायला पायजे होती. थांबलो न्हाई, कारण मी तुमाला माझ्या छापून आलेल्या गोष्टीचं सांगत होतो. शेवट आधी का टाकला, आणि त्यात काय खोल हाय. तुमी हूं हूं करत होतात. मी आता शेवटाशी आलो आणि टुंगटुंग सुरू झाली. मी डावीकडं बघितलं, सर. काळजीनं न्हाई. माझं बोलणं तुटलं म्हणून चिडून बघितलं. तुमी हार बाजूला सारलेला, डाव्या हातात पट्टा ओढलेला, उजव्या अंगाला वाकून खाच चाचपत होतात, फ्रेम मांडीवर तशीच उभी. मी समोर बघितलं तेव्हा उसाची ट्रॉली होती, लई जवळ.

मंग सगळं तुमी शिकवल्यासारखं झालं. गाडी थिजली. आवाज झाला, पांढरं काहीतरी आलं आणि गेलं. पट्ट्यानं मला धरलं, आणि माझं तोंड पोचलं तेव्हा पिशवी रिकामी व्हायला लागलीवती. गाडीत फटाक्याचा वास, पांढरी भुकटी, माझ्या मनगटाला नुसतं खरचटलेलं. तुमच्याकडची पिशवीही उघडली. तिनं तिचं काम बरोबर केलं. तुमी वाकलेले होतात, आणि तिच्या-तुमच्यामधे ती फ्रेम होती.

बीडच्या दवाखान्यात काकू आल्या. त्यांनी रडण्याच्या आधी एकच विचारलं, तुमी पट्टा लावलता का. तुमच्यासोबत तीस वर्षं काढलेली बाई, दुसरं काय विचारणार. मी म्हणलं, "मी सांगितलं काकू. सरांनी ऐकलं न्हाई. हार चुरगळंल म्हणले." माझं वाक्य मी तुमच्या तोंडात घातलं. एवढं सोपं गेलं ते, की मलाच नवल वाटलं. पोलिसांनाही तेच सांगितलं. महिनाभरात पार, शाळा, सगळ्या गावानं ते वाक्य पाठ केलं. आता कुणी पट्टा लाव म्हणलं की समोरचा म्हणतो, अरे शिकवणारे गुरुजीच लावत नव्हते.

मी हे लिहायचा प्रयत्न केला न्हाई असं न्हाई. चार वेळा केला. एका गोष्टीत गाडीच बोलते. एकीत ती एअरबॅग बोलते, एवढ्याशा क्षणाची आठ पानं, एकही पूर्णविराम न्हाई. एकीत मेलेला माणूस ड्रायव्हर हाय. लोकांनी धाडसी म्हणलं. चारीपैकी एकाही गोष्टीत पुढच्या सीटच्या खाचेत क्लिप न्हाई.

गेल्या रविवारी काकूंकडं गेलतो. पाटीचं कळल्यावर सांगायचंच असं ठरवून गेलतो. काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या, मला तिथंच पाट दिला. तिळाची चटणी, कांदा. ओट्याच्या वर तुमचा फोटो लावलाय, आणि काकू भाकरी उलटता उलटता त्याच्याशी बोलतात, मी तिथं असलो तरी. "एवढा शाना माणूस, अन् एक पट्टा लावंना. फुलाचं पडलं होतं ह्यांना." मंग माझ्याकडं वळल्या. "तू तर सांगितलतंस ना रे?" माझ्या तोंडात घास होता. मी मान हलवली. "तुझं ऐकायला पायजे होतं त्यांनी," म्हणल्या, आणि अजून एक भाकरी माझ्या ताटात टाकली. मी ती पूर्ण खाल्ली, सर. उठून गेलो न्हाई.

तेव्हा माझ्या खिशात क्लिप होती. तीच. त्या दिवशी गाडी आदळल्यावर लोकं ट्रॅक्टरवरून उतरून पळत येईपर्यंत मला जरा वेळ मिळालता. तुमची उजवी मूठ मिटलेली होती, आणि मुठीत वाघाचं तोंड. तुमी ती खाचेतून काढलीवती. माझं बोलणं संपायची वाट न बघता, मला न दुखवता, गुपचूप. तुमचा श्वास चालू होता. मी तुमाला हाक मारायच्या आधी तुमची बोटं उघडली, एकेक, आणि क्लिप काढून खिशात टाकली. ती मुठीतच राहिली असती, तर काकूंनी ती बघितली असती, आणि आज फोटोशी भांडायची वेळ त्यांच्यावर आली नसती. मी एवढ्या वेळा लिहिलं, पण तुमची बोटं उघडलेली कधी लिहिली न्हाई.

आत्ता ती टेबलावर हाय. सोनेरी रंग गेलाय, वाघाचा एक कान झिजलाय. पाटीवर खरं तर असं पायजे, की सरांनी क्लिप काढली होती, पट्टा हातात होता, गाडी चालवणाऱ्यानं वाट बघायला लावली. तीनच ओळी होतात. चौथीत माझं नाव आलं असतं.

सर, वर मी लिहिलंय की चार ओळींचं काम माझ्याकडं आलंय. आलंय न्हाई, झालंय. मजकूर मी गुरुवारीच दिला, त्यांना पायजे होता तसा. वाचून माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांच्या डोळ्यात पाणी आलं. पेंटरनं विचारलं, लई भारी लिहिलंय, खाली तुमचं नाव टाकू का. मी नको म्हणलं.