मला सगळ्या खुणा येतात

२ जून, सोमवार
दादा दवाखान्यातून घरी आला. घशाचं ऑपरेशन नीट झालं, पण आवाज गेला तो गेलाच. गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र आणलं होतं. एकदा लावून पाहिलं आणि कपाटात टाकलं. लिहून दाखव म्हणावं, तर त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही. म्हणून आता खुणांची भाषा. तो शिकणारच, आम्हीही शिकायची.

या माणसानं जन्मभर माझ्यावर तोंड टाकलं. गिऱ्हाइकांसमोर, बायकोसमोर. पंपाच्या मोटारी त्यानं दुरुस्त करायच्या, गल्ल्यावर मी बसायचं, आणि चूक कुणाचीही असो, बोलणी मी खायची. आता तोंड बंद झालं, तर अभ्यास मी करायचा. वा!

असो. आपण मोठं मन दाखवावं. महिन्याभरात अख्खी भाषा आत्मसात करणे. ठरलं.

५ जून
शिकवणाऱ्या बाई आल्या. वयानं पोरसवदा, आवाज हेडमास्तरांचा. पाच खुणा दाखवल्या आणि पुस्तक मिटायला लावलं. आता आठवा, म्हणे. मी म्हटलं, समोर पुस्तक असताना आठवायचं कशाला? तर म्हणाल्या, आठवताना डोकं शिणतं तेव्हाच ते पक्कं होतं. दोन दिवस मध्ये जाऊ द्या, थोडं विसरा, मग पुन्हा आठवा.

विसरण्यासाठी शिकवणी! विसरायला मला आजवर कुणाची मदत लागलेली नाही.

आमच्या हिला 'पाणी' आठवेना. 'मासा' केला. दादा हसला. मी हळूच पान उघडं ठेवलं होतं, एकही चूक नाही.

८ जून, रविवार
पुस्तक एका बैठकीत संपवलं. मग पुन्हा एकदा. महत्त्वाचं तेवढं पिवळ्या पेननं रंगवलं. सगळंच महत्त्वाचं निघालं. व्हिडिओ दीडपट वेगानं पाहिले. प्रत्येक खूण ओळखीची वाटते. म्हणजे आली. ही अजून 'मीठ' आणि 'साखर' यात अडकलीय.

१४ जून
जेवायला बसणं नको झालंय. ही एकेक खूण करते, चुकते. दादा नकारार्थी मान हलवतो, स्वतःच्या बोटांनी दुरुस्त करून दाखवतो, ही पुन्हा करते. परवाची आज विचारतो, आजची चार दिवसांनी विचारेल. लहान मुलांचा खेळ.

पण आज दोघांचं काहीतरी चाललं होतं आणि दोघं हसले. काय चाललंय, विचारलं. ही म्हणाली, तुम्ही तर पुस्तक दोनदा वाचलंय ना! खवचट. नक्की माझ्याबद्दलच होतं. ताटावरून उठणारच होतो. तरी दोन पोळ्या खाल्ल्या, उगाच त्यांना समाधान नको.

१९ जून
बाईंनी माझी परीक्षा घेतली. मला न विचारता. 'बहीण' करून दाखवा, म्हणे. अगदी बोटांच्या टोकावर होती, पण आली नाही. मी स्पष्ट सांगितलं, आम्हाला बहीणच नाही, प्रश्न चुकीचा आहे. बाई म्हणाल्या, रोज थोडा वेळ भावाशी बोला, चुकत चुकत बोला.

दादासमोर चुकायचं? पन्नास वर्षं दुसरं काय केलं?

शिकवणी माझ्यापुरती बंद. स्वाध्याय श्रेष्ठ.

२६ जून
स्वाध्यायाचं फळ. दुकानात दादानं काहीतरी लांबलचक विचारलं. भिंतीकडे हात, मग स्वतःची छाती, मग माझी. मी ठामपणे होकारार्थी मान हलवली. तो थबकला. पुन्हा विचारलं. मी पुन्हा मान हलवली, वर पाठ थोपटली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बहुधा चहा विचारत होता. समजदार माणसाला शब्दन् शब्द कळावा लागत नाही.

३० जून
बोर्ड रंगवणारा आला आणि शेजारच्या रिकाम्या गाळ्याचं माप घेऊ लागला. हाकलायला गेलो. तर म्हणाला, तुमच्याच थोरल्या भावाचं काम आहे, तुमच्याच मिसेसचा फोन होता.

हिला जाब विचारला. हिनं शांतपणे सांगितलं. भाऊजींनी तुम्हाला विचारलं होतं, मी शेजारी वेगळं दुकान टाकू का? तुझं मन दुखणार असेल तर नाही म्हण, पुन्हा विषय काढणार नाही. तुम्ही दोनदा हो म्हणालात. घरी येऊन रडले ते.

कळलंच नव्हतं, असं सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, पूर्ण विचारांती दिलेला होकार आहे.  ही म्हणाली, गिऱ्हाइकांना भाऊजींचं बोलणं सांगायला मी तिकडे बसणार आहे. त्यालाही होकारच समजते.

७ जुलै
शेजारचं दुकान सुरू झालं. दादा, त्याची हत्यारं आणि माझी बायको भिंतीपलीकडे. अलीकडे मी आणि गल्ला. गिऱ्हाईक आत डोकावतं, मला एकट्याला बघतं, पुढे जातं. बघून घेईन. मोटार भरायला, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायला, स्वतः शिकणे. पुस्तक मागवलं, आलंही. सकाळीच वाचून काढलं. सोपं आहे.

१० जुलै
दादा माझ्या दारात आला. माझ्याकडे बोट, स्वतःच्या छातीकडे बोट, मग हवेत मूठ पिळली. वाटलं, आला वठणीवर. काळीज पिळवटतंय बिचाऱ्याचं, माफी मागतोय. मान हलवणारच होतो, पण मागच्या वेळी हलवलेली मान आठवली. ही बँकेत गेलेली, विचारायला कुणी नाही. शेवटी तोंडानंच म्हटलं, कळलं नाही रे दादा, पुन्हा सांग. त्याला ऐकू येतं. हे इतके दिवस डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानं पुन्हा केलं. सावकाश. न चिडता. तरी कळेना. मग मीच त्याच्यासारखी मूठ फिरवून पाहिली. त्यानं माझा अंगठा धरून सरळ केला. पुन्हा फिरवायला लावली.

चावी.

त्याच्या दुकानाची चावी सकाळी चुकून मी खिशात घातली होती. बाहेर दोन गिऱ्हाइकं मोटारी घेऊन त्याच्यासाठी ताटकळत होती. चावी दिली. त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि गेला. शटर वर गेल्याचा आवाज आला.

संध्याकाळी पुस्तक न बघता 'चावी' करून पाहिली. बरोबर आली. दुसरी कुठली येते का, तेही पाहिलं.
नाही येत.