इस्त्री केलेली गरिबी

प्रिय खारूताई हिला,

तुझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडून पोटभर प्रेम. (मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईला खारूताई म्हणू नये, हे कळतं मला. पण माझ्या डोळ्यांसमोर अजून तू प्रार्थनेच्या वेळी गालात शेंगदाणे साठवणारीच आहेस.) गुडघे काय म्हणतात? जिना चढताना कठडा धरतेस ना? माझी तब्येत उत्तम. उजवा हात तर असा दणकट झालाय की डावा त्याच्याकडे बघून लाजतो. लाँड्रीत सतरा वर्षं इस्त्री फिरवल्यावर दुसरं काय होणार.

माझी पोरगी नर्सिंगला लागणार, हे तुला कळवलं होतंच. मार्क चांगले आहेत, जागा मिळालीय, फक्त फी माझ्या पगाराच्या आवाक्यातली नाही. तिचे वडील 'आलोच' म्हणून गेले त्याला नऊ वर्षं झाली, त्यामुळे दुसरा पगार घरात नाही. पण तिथे फीमाफी आहे. एकट्या आईची किंवा एकट्या बापाची मुलं असतील, कमाई कमी असेल, तर एक समिती भेटायला बोलावते. आम्हाला बोलावलं. आता मला सांग, भेटायला बोलावल्यावर माणूस काय करतो? नीटनेटका होतो. आपल्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर पट्टी आठवतात ना? फाटकं चालेल, चुरगळलेलं चालणार नाही, असं म्हणून त्या आपल्या स्कर्टच्या चुण्या मोजायच्या. (तुझी एक नेहमी कमी भरायची.) मी दोघींच्या कपड्यांना अशी इस्त्री केली की बाहीच्या घडीवर पेन्सिलीला टोक काढावं. वर पोरीला निळा लोकरी कोट घातला. आमच्या लाँड्रीचा नियम आहे, वर्षभर कोणी न्यायला आलं नाही तर ते कपडे कामगारांनी वाटून घ्यायचे. मालकच वाटतात, चहा पाजून. माझ्या मुलीचं अर्धं बालपण लोकांच्या विसरभोळेपणावर निभावलंय, देव त्यांचं भलं करो.

समितीत एक बाई आणि दोन गृहस्थ. बाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं, लाँड्री. त्या म्हणाल्या, "वा, स्वतःची का?" मी म्हटलं, नाही हो, स्वतःची फक्त पाठदुखी. कोणी हसलं नाही. मग चष्मेवाल्या गृहस्थांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून सिस्टरांनी घोटून घेतलेलं ते जुनं, टापटीप इंग्रजी बाहेर पडलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चष्मेवाले म्हणाले, "बाई, ही मदत खरोखरच्या गरजूंसाठी आहे."

तेव्हा माझ्या लेकीला सत्य बोलायची हुक्की आली. म्हणाली, "सर, कोटावर जाऊ नका. तो आमचा नाहीच."

"मग कोणाचा?"

"ते माहीत नाही. चिठ्ठीवर फक्त नंबर होता."

खारूताई, त्या खोलीतला पंखासुद्धा थबकला. नियम समजावेपर्यंत माझी जीभ तीनदा अडखळली. म्हणजे बघ, आत शिरताना आम्ही श्रीमंत होतो, दोन मिनिटांत चोर झालो, पण गरीब मानायला कोणी तयार होईना. शेवटी बाईंना दया आली. म्हणाल्या, गुरुवारी पुन्हा या, तोवर निर्णय थांबवते. त्यानंतर मात्र जागा पुढच्या मुलीला जाईल.

रस्त्यात पोरगी इतकी हसली की तिला उचकी लागली. मग उचकी थांबल्यावर म्हणाली, "आई, नाही झालं तर मी लाँड्रीत तुझ्या शेजारच्या टेबलाशी उभी राहीन. शिकवशील?" मी म्हटलं, तुझ्या हाताला ते वळण नाही, कॉलर बिघडवशील. पुढचे दोन चौक मी दुकानांच्या पाट्या वाचत चालले. एकही लक्षात नाही.

असो. बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना शेक दे.

तुझीच,
बाकावरची

ता. क. पत्र केवळ ख्यालीखुशालीचं आहे, असं वाटलं असेल तर ते तसं नाही. समितीला अशा प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवीय, जी मला वीस वर्षांहून जास्त ओळखते आणि माझी परिस्थिती खरी आहे असं लिहून देईल. माझ्या ओळखीत तशी तू एकटीच आहेस. फॉर्म सोबत ठेवलाय. मला आजवर तुझ्याकडे काही मागता आलं नाही, म्हणून तीन पानं लागली. बुधवारपर्यंत पोचेल असं बघ.

आणखी एक. गुरुवारी घालायला मी माझा सगळ्यात जुना झगा काढून ठेवला होता. सकाळी पाहते तर कडक इस्त्री करून खिळ्याला टांगलेला. पोरगी म्हणते तिने नाही केली. घरात तिसरं कोणी नाही.

शेवटचं. हा फॉर्मही माझ्या हातून इस्त्री झालाय. सही केल्यावर जरा चुरगळ, बाई.